सा जागेवर, गंधार निघाला

माझा जन्म मिरजेचा, सतारमेकर गल्लीपासून आमचं घर दोन मिनिटांवर, त्यामुळे तारेचा आवाज कानावर पडला की तो कशाचा आहे हे मला सहसा कुणाला विचारावं लागत नाही. तरी १९९६ साली सांगलीला हॉस्टेलवर असताना एका रात्री एक आवाज ऐकला आणि तो कुठल्या वाद्याचा ते काही केल्या कळेना. रूममेटच्या भावाने मुंबईहून भरून पाठवलेली कॅसेट होती, पिंक फ्लॉइडची, १९७३ची 'द डार्क साइड ऑफ द मून'. आधी काळजाचे ठोके, घड्याळांची टिकटिक, कुणाचं तरी हसणं, एक किंकाळी, आणि मग ते सगळं एकदम निवतं आणि संथ लय सुरू होते, आणि त्या लयीवर कुणीतरी वरच्या सुरापासून खाली उतरत येतं. पायऱ्या नाहीतच, नुसता उतार. मी उठून बसले. म्हटलं हे काय आहे? रूममेट म्हणाली, गिटारच आहे गं, झोप.

गिटार होती खरी, पण मला माहीत असलेली नव्हती. गिटारला पडदे असतात, सूर एका घरातून दुसऱ्या घरात उडी मारून जातो. हा उडी मारत नव्हता. ही मींड होती, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. इंग्लंडमधल्या रॉक बँडच्या रेकॉर्डवर अशी लांबलचक मींड कोण घेतंय, हा प्रश्न मी पुढे सोळा-सतरा वर्षं डोक्यात घेऊन हिंडले म्हटलं तरी चालेल, कारण तेव्हा आमच्याकडे इंटरनेट नव्हतं आणि कॅसेटच्या आतल्या कागदावर रूममेटच्या भावाने फक्त गाण्यांची नावं लिहिली होती, तीही बॉलपेनने, अर्धी पुसलेली.

इथे आधी मिरजेबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट लागणार नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चाचा तंबोऱ्याची जवारी काढायचे, म्हणजे तारेखालची घोडी घासून आवाज फुलवायचे. शाळेतून येताना आम्ही पोरं त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे वर टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, लाखेचा वास, आणि चाचा घोडीवर कानस फिरवतायत, एकदा फिरवली की तार छेडून ऐकायची, परत फिरवायची, आणि मग सुताचा धागा तारेखाली घालून एक केसभर पुढे, एक केसभर मागे. अमुक एका जागी धागा आला की तार नुसती वाजत नाही, फुलते. खर्जाची तार छेडली की त्यातून आपोआप एक गंधार वर येतो, कुणी न लावलेला. चाचा डोळे मिटून विचारायचे, "आला का गंधार?" आणि आम्ही पोरं अगदी गंभीरपणे मान डोलवायचो. आधी मी नुसती डोलवायची म्हणून डोलवायचे, पण चौथीत असताना एकदा खरंच ऐकू आला, आणि त्यानंतर तो ऐकू न येणं शक्यच राहिलं नाही.

घरी बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. पेटीचा गंधार आणि तंबोऱ्याचा गंधार एक नाही हे मला त्यांनीच दाखवलं. पेटीचा किंचित चढा. पेटीचे सूर कारखान्यातून ठरून येतात, तिला मींड नाही, श्रुती नाही, ती बिचारी आहे तिथेच असते. बाबा म्हणायचे, पेटी साथीला चांगली, पण तिला कुणाकडे चालत जाता येत नाही. हे वाक्य माझ्या मनात कायमचं राहिलं.

२०१२ साली नोकरीमुळे आम्ही नॅशव्हिलला आलो. टेनेसी राज्य, कंट्री म्युझिकची राजधानी वगैरे हे सगळं ऐकून होते, पण त्या गाण्यांशी माझं काही देणंघेणं नव्हतं. एका शनिवारी पाहुण्यांना ब्रॉडवे दाखवायला घेऊन गेलो, तिथे सकाळी अकरापासून प्रत्येक बारमधे बँड वाजत असतो, आणि एका उघड्या दारातून तोच आवाज बाहेर आला. सोळा वर्षांनी. मी पाहुण्यांना तसंच रस्त्यावर सोडून आत शिरले. कोपऱ्यात एक माणूस टेबलापुढे बसल्यासारखा बसला होता, आणि टेबलावर तारा होत्या. डाव्या हातात चकचकीत पोलादी दांडा, उजव्या हाताच्या बोटांना धातूच्या नख्या, आणि टेबलाखाली दोन्ही पाय आणि दोन्ही गुडघे हलतायत, शिवणाच्या मशीनवर बसलेल्या बाईसारखे. गाणं संपल्यावर मी विचारलं, हे काय आहे. पेडल स्टील, मॅम, एवढंच म्हणून तो पुढच्या गाण्याला लागला.

तिथून शोधत शोधत मी शहराच्या उत्तरेला, मॅडिसनकडे राहणाऱ्या एका निवृत्त वादकाच्या गॅरेजपर्यंत पोचले. वय ऐंशीच्या आसपास, आयुष्यभर बारमधे आणि स्टुडिओत वाजवलेलं, आता दोन-चार जणांना शिकवतात आणि वाद्यं दुरुस्त करतात. मी त्यांना सर म्हणते, ते मला मॅम म्हणतात, दक्षिणेकडची ती पद्धतच आहे. पहिल्या दिवशी त्यांनी मला वाजवू दिलं नाही. वाद्य उलटं करून बेंचवर ठेवलं आणि पोट उघडं करून दाखवलं.

आत सायकलच्या दुकानात असतं तसं सगळं. आडव्या दांड्या, त्यांच्यावर छोटे खटके, खटक्यांतून निघालेल्या बारीक सळया, त्या सळया उजव्या टोकाला जिथे तारा वळतात तिथल्या एकेका धातूच्या बोटाला जोडलेल्या. खाली पाय दाबला की दांडी फिरते, खटका सळई ओढतो, सळई ते बोट ओढते आणि बोटावरून वळलेली तार तेवढीच ताणली जाते. पाय सोडला की स्प्रिंग तिला परत जागेवर आणते. तार किती ताणायची ते टोकाच्या नायलॉनच्या छोट्या नटवर ठरतं, वाटाण्याएवढा नट, तो पाव फेरा फिरवला की सूर बदलतो. दहा तारा, तीन पेडल, चार-पाच गुडघ्याचे लिव्हर. चाचांच्या दुकानात सुताचा धागा जे करायचा ते इथे हा नट करतो, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि बरं वाटलं, म्हणजे परक्या गावात आपल्या गल्लीतलं कुणी भेटावं तसं.

आता मुख्य गोष्ट सांगते आणि ती सरगममधेच सांगते, कारण त्यांच्या भाषेत ती उगाच अवघड होते. वाद्य ई नाईन नावाच्या जुळणीत असतं. त्यातल्या तीन तारा घ्या, सा ग प. तिन्ही एकदम छेडा. आता पहिला पेडल दाबा, पंचमाचा धैवत होतो. दुसरा दाबा, गंधाराचा मध्यम होतो. दोन्ही एकदम दाबलेत की सा-ग-प चं सा-म-ध झालं, आणि या सगळ्यात षड्ज जागचा हललेला नाही. सूर थांबलेले नाहीत, परत छेडलेले नाहीत, वाजता वाजताच दोघं उठून पुढच्या घरी गेले आणि तिसरा दारात उभा राहिला.

आपल्याकडे मींड म्हणजे एक सूर निघतो आणि दुसऱ्याकडे जातो. मागे तंबोरा असतो, पण तो वेगळं वाद्य आहे. विचित्र वीणेवर बट्टा, म्हणजे तारांवरचा गोळा, सरकवला की त्याच्याखालचं सगळं सोबत सरकतं. हवाईयन गिटारचंही तेच, बार, म्हणजे हातातला तो दांडा, सरकला की अख्खा कॉर्ड, एकदम वाजणारे सगळे सूर, सरकतो, सगळं कुटुंब एकदम गाडीत बसून निघाल्यासारखं. पेडल स्टीलमधे एक जण जातो आणि बाकीचे राहतात, आणि जाणारा आणि राहणारे यांच्यातलं अंतर बदलताना आपल्याला ऐकू येतं. जाण्याचा आवाज. मला दुसऱ्या कुठल्याच वाद्यात तो असा ऐकू आलेला नाही.

हे काही एका रात्रीत झालं नाही. मूळ हवाईचं, १९व्या शतकाच्या शेवटी जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने गिटार आडवी ठेवून तारांवर पोलाद सरकवायची पद्धत बसवली असं मानतात. तिथून ती अमेरिकेत गेली आणि आपल्याकडेही आली. हवाईच्या टाऊ मो यांचं कुटुंब १९४०च्या दशकात कलकत्त्यात राहून वाजवत होतं, पुढे मुंबईच्या सिनेमासंगीतात व्हॅन शिपले, कलकत्त्याला सुनील गांगुली, आणि ब्रिजभूषण काबरांनी तर त्याच्यावर थेट राग वाजवले. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मधे जे गुळगुळीत सुरातलं सिनेमाचं गाणं लागायचं ना, त्यात बऱ्याचदा हेच वाद्य असायचं. म्हणजे हा आवाज आपल्या कानांना परका कधीच नव्हता, फक्त त्याची अमेरिकेतली बहीण आपण पाहिलेली नव्हती.

अमेरिकेत तिला पेडल लागले. आधी पेडल होते ते फक्त गाण्याच्या मधे जुळणी बदलायला, म्हणजे वाजवताना दाबायचे नाहीत. बड आयझॅक्सने कंट्री गायक वेब पिअर्सच्या एका गाण्यात, १९५४ साली ते गाजलं, तार वाजत असतानाच पेडल दाबला. सूर डोळ्यांदेखत वाकला. सर सांगतात की त्यानंतर स्टील वाजवणारा प्रत्येक माणूस घरी जाऊन आपल्या वाद्याला पेडल ठोकायला बसला. आयझॅक्सच्या पेडलने दोन्ही तारा एकदमच चढायच्या, बडी एमन्सने त्या दोन वेगळ्या पेडलांवर घेतल्या. ऐकायला बारीक गोष्ट वाटते, पण त्यामुळेच गंधार आता एकटा जाऊ शकतो, पंचमाला बरोबर न घेता. मला विचाराल तर सगळा जीव त्या एका फरकात आहे.

मग हे बारमधलं, ट्रक ड्रायव्हरांचं, रडक्या गाण्यांचं वाद्य रॉकवाल्या लांब केसांच्या पोरांकडे कसं गेलं? १९६८ साली बर्ड्‌स नावाचा लॉस एंजेलिसचा बँड नॅशव्हिलला आला, कंट्रीचा अल्बम करायला, स्टीलवर लॉइड ग्रीन आणि जेडी मॅनेस. त्याच वर्षी मार्चमधे ते रायमन सभागृहाच्या स्टेजवर, ग्रँड ओल ऑप्री या रेडिओवरच्या कंट्री कार्यक्रमात वाजवायला उभे राहिले आणि लोकांनी काही त्यांचं स्वागत केलं नाही. व्हिएतनामचे दिवस होते, केसांच्या लांबीवरून माणूस कुठल्या बाजूचा ते ठरायचं. रायमनमधे चर्चसारखे लाकडी बाक आहेत, ते चर्चच होतं मुळात. मी तिथे वरच्या गॅलरीत बसून त्या संध्याकाळचा विचार केलाय. खालचे लोक त्या पोरांवर नाराज, पण पोरांच्या शेजारी बसून वाजवणारा लॉइड ग्रीन तर खालच्या लोकांचाच माणूस होता, त्यांचंच वाद्य घेऊन बसलेला.

आणि पुढच्या चार-पाच वर्षांत ते वाद्य रॉकमधे असं काही पसरलं की १९७० ते १९७३चे अल्बम काढून बसलं तर जिकडेतिकडे ते सापडत राहतं. सगळी नावं घेत बसत नाही, मला जे मनापासून आवडतात ते सांगते.

फ्लाइंग बरिटो ब्रदर्स या बँडमधला स्नीकी पीट क्लाइनो. हा माणूस दिवसा स्टॉप-मोशन ॲनिमेशन करायचा, म्हणजे बाहुलीचा हात केसभर हलवायचा, फोटो काढायचा, परत केसभर हलवायचा. त्याचं स्टील ऐकताना मला ते सारखं आठवतं. त्याने वाद्याला फझ लावला, म्हणजे आवाज मुद्दाम फाडला, आणि जे वाद्य तोवर फक्त गोड रडायचं ते एकदम करवतीसारखं कापायला लागलं. जुन्या लोकांना ते आवडलं नसणार. मला वाटतं की त्यांच्या १९६९च्या अल्बमवर स्टील पहिल्यांदा रॉकमधे पाहुणं न राहता घरचं झालं. पोको या बँडच्या रस्टी यंगने तर स्टील लेझ्ली स्पीकरमधून, म्हणजे ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून, वाजवून त्याचा ऑर्गन करून टाकला, तेही ऐकण्यासारखं आहे.

जेरी गार्सिया. ग्रेटफुल डेडचा हा गिटारवाला, त्याने १९६९मधे स्टील घेतलं आणि शिकता शिकताच लोकांसमोर वाजवायला लागला. १९७० साली क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंग यांच्या 'टीच युवर चिल्ड्रन'वर जे स्टील आहे ते त्याचं, आणि ते वाजवलं तेव्हा त्याच्या हातात वाद्य येऊन वर्षभरसुद्धा झालं नसेल. सरांना विचारलं तर ते हळूच सांगतात की त्यात इथे इथे सूर जरा इकडेतिकडे आहे. असेलही. पण ते ऐकताना कुणीतरी नवीनच सायकल शिकलंय आणि हात सोडून उतारावरून येतंय असं वाटतं, आणि तो आनंद तीस वर्षं मुरलेल्या हातात परत मिळत नाही. मी हे शिकणारी म्हणून बोलतेय, मला तो आनंद चांगला कळतो.

मग बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन, आणि इथे माझी मिरज जागी होते. त्याने आधी पंडित रविशंकरांकडे सतारीचे धडे घेतले, काही वर्षांनी सतार बाजूला ठेवून परत गिटारकडे आला, आणि आल्यावर बोटात स्लाइड, म्हणजे तारांवर सरकवायची नळी, घातली. सतारीने हातात मींड बसवली आणि ती गिटारवर निघाली असं मला नेहमी वाटतं, त्याची स्लाइड ब्लूजवाल्यांसारखी खरखरीत नाहीच, ती गळ्यासारखी आहे. १९७०मधे तो आपला मोठा तीन रेकॉर्डचा अल्बम 'ऑल थिंग्ज मस्ट पास' करत होता तेव्हा त्याने नॅशव्हिलहून पीट ड्रेकला लंडनला बोलावून घेतलं. ड्रेक म्हणजे बॉब डिलनच्या नॅशव्हिलच्या रेकॉर्डवर स्टील वाजवलेला माणूस, तोंडात नळी धरून स्टीलला बोलतं करायची युक्तीही त्याने गाजवली. सतारीपासून निघालेला एक माणूस आणि हवाईच्या वाद्यापासून निघालेला दुसरा, दोघं लंडनच्या एका खोलीत समोरासमोर बसले. त्या अल्बममधे ड्रेकचं स्टील ज्या गाण्यांत आहे ती मी कितीही वेळा ऐकू शकते.

लंडनमधेच स्टील वाजवणारा बीजे कोल होता. १९७१च्या एल्टन जॉनच्या 'टायनी डान्सर'मधे पियानोवर गाणं सुरू होतं, एक कडवं होतं, आणि मग कोल आत येतो, इतका हळू की दार कधी उघडलं ते कळत नाही.

आणि आता बेन कीथ, ज्याच्याकरता मी हा लेख खरं तर लिहायला घेतला.

फेब्रुवारी १९७१, गायक नील यंग टीव्हीच्या कार्यक्रमासाठी नॅशव्हिलला आलेला. पाठीचं दुखणं होतं, जड इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घेऊन उभं राहणं झेपत नव्हतं, त्यामुळे बसून, अकूस्टिकवर. रेकॉर्डिंग ठरलं ते क्वाड्राफॉनिक नावाच्या स्टुडिओत, म्हणजे एका जुन्या दुमजली व्हिक्टोरियन घरात. बेस वाजवणाऱ्या टिम ड्रमंडने ओळखीतून बेन कीथला बोलावलं. तो पोचला तेव्हा गाणं सुरू झालेलं होतं, त्याने गुपचूप वाद्य मांडलं आणि वाजवायला लागला, आणि तो पुढे सांगायचा की एकामागून एक पाच गाणी झाल्यावरच नीलशी पहिला शब्द बोलणं झालं. त्यातून पुढच्या वर्षी 'हार्वेस्ट' आला, १९७२चा अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेला अल्बम. आणि कीथ नीलबरोबर २०१०मधे जाईपर्यंत, जवळपास चाळीस वर्षं राहिला.

'हार्वेस्ट'चं पहिलं गाणं लावा आणि फक्त स्टील ऐका. सूर मोजायला घेतलेत तर कमीच भरतील. नॅशव्हिलचा माणूस, हाताला वेग भरपूर, कंट्री गायिका पॅट्सी क्लाइनबरोबर वाजवून आलेला, आणि इथे तो एक सूर लावतो आणि थांबतो. त्यातही तो सूर छेडल्याचा आवाज येत नाही. ते कसं करतात ते मला सरांनी दाखवलं. उजव्या पायाखाली आवाजाचा पेडल असतो, तो बंद ठेवून तार छेडायची, आणि मग टाच-बोटं करत हळूहळू उघडायचा. छेडण्याचा टण गेला, उरला नुसता सूर, कधीपासून तिथेच होता आणि आता दिसला असा, पहाटे धुक्यातून झाड दिसायला लागतं तसा. तार जसजशी विझत जाते तसतसा पाय आणखी दाबायचा, म्हणजे सूर तेवढाच राहतो. मग त्या लांबलेल्या सुरात एकच तार हलते. कीथ ती हलवायला इतका उशीर करतो की आपण श्वास धरून बसतो.

नील यंगचा आवाज बारीक, थरथरता, एकटा. त्याच्या मागे कुणी भरगच्च वाजवलं असतं तर तो झाकला असता. कीथ त्याच्या मागे नाही, जरा लांब, दुसऱ्या खोलीत बसल्यासारखा वाजतो. १९७०च्या दशकात पुढे पुढे कित्येक अल्बमांवर स्टील असं चिकटवलंय की जरा गावाकडचा वास यावा, पोह्यांवर खोबरं भुरभुरावं तसं, आणि त्याचा मला मनापासून राग येतो, कारण ज्या वाद्याला एवढी थांबायची ताकद आहे त्याला सजावटीला लावणं हे वाईट आहे. मग सिंथेसायझर आले आणि तेही बंद झालं.

पिंक फ्लॉइडचं राहिलंच. हॉस्टेलवर ज्याने मला उठवून बसवलं तो डेव्हिड गिलमोर. त्याने १९७०मधे सिएटलच्या एका पॉनशॉपमधून, म्हणजे गहाणवटीच्या दुकानातून, जुनं फेंडर पेडल स्टील घेतलं होतं. पण तो स्टीलवाल्यांसारखे पेडल वापरत नाही, तो मुख्यतः बार सरकवतो, हवाईच्या लोकांसारखा. म्हणजे मला ज्याने वेड लावलं तो आवाज पेडलचा नव्हताच. हे कळल्यावर दोन दिवस मला विचित्र वाटलं, आणि मग वाटलं की बरोबरच आहे, मिरजेच्या कानाला आधी मींडच ओळखू येणार, जाणारा आणि राहणारा एकदम ऐकायला कान तयार व्हायला वेळ लागतो.

तिसऱ्या की चौथ्या शिकवणीला सर वाद्य जुळवत होते. ट्यूनरवर त्यांनी फक्त षड्जाची तार लावली, आणि ट्यूनर बंद केला. मग गंधाराची तार त्या षड्जाबरोबर छेडून हळूहळू उतरवायला लागले. दोन सूर जवळ आले की हवेत एक लाट येते, वाँव वाँव अशी, ती मंद होत होत गेली आणि एका क्षणी थांबली. ते म्हणाले, देअर. मी त्यांना म्हटलं, ट्यूनर लावून बघू का? लावला तर काटा चक्क डावीकडे, पाश्चात्त्य अर्ध्या सुराचे १०० भाग केले तर जवळपास १४ भाग खाली. म्हणजे पेटीचा गंधार नाही. तंबोऱ्याचा. टेनेसीतल्या गॅरेजमधे, ज्याने आयुष्यात तंबोरा पाहिलेला नाही असा माणूस, चाचांचा गंधार लावत होता, कानाने, लाट थांबेपर्यंत. बरेच स्टीलवाले असंच लावतात म्हणे, गिटार आणि पियानो त्यांच्या ठरलेल्या जागी असतात आणि हे त्यांच्यात राहून आपला गंधार जपतात, जुळत नसेल तिथे बार किंचित हलवून सांभाळून घेतात. मला तिथे एकदम भरून आलं. सरांना वाटलं माझं काही चुकलं की काय.

त्यांनीच मला आणखी एक गोष्ट दाखवली. सगळं जुळवून झाल्यावर त्यांनी फक्त षड्जाची तार छेडली आणि दोन्ही पेडल दाबले, जे त्या तारेला जोडलेलेसुद्धा नाहीत. ट्यूनरचा काटा जरासा खाली गेला. पाय सोडला, परत वर. इतर तारा ओढल्या जातात तेव्हा त्या ओढीने वाद्याचं लाकूडच किंचित वाकतं, आणि जी तार कुणी हात लावलेली नाही ती थोडी सैल पडते. याला ते लोक कॅबिनेट ड्रॉप म्हणतात. चांगल्या वाद्यात कमी असतो, पूर्ण जात नाही. मी वर लिहिलंय की षड्ज जागचा हलत नाही. हलतो, थोडा.

गेल्या दिवाळीत मी एक जुनं, दहा तारांच्या एकाच संचाचं, सरांनी नीट केलेलं वाद्य घेतलं. तिसरी तार, गंधाराची, सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जास्त ताणलेली, ती आठवड्याला तुटते. बाबा आता एक्क्याऐंशीचे आहेत. बोटं साथ देत नाहीत म्हणून पेटी बंद आहे, पण रोज सकाळी इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावून बसतात. परवा व्हिडिओ कॉलवर त्यांना म्हटलं, बाबा, तंबोरा पांढरी तीनला लावा आणि ऐका. फोन खुर्चीवर टेकवून ठेवला आणि वाजवलं. सा ग प. मग पेडल, सावकाश, आवाजाचा पाय सांभाळत, सा म ध.

"ही मींड हाताने घेतलीस?"

"पायाने, बाबा."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. तिकडे तंबोरा चालूच होता, मधेच कॉलनीतला कुत्रा भुंकला, आई आतून विचारत होती कोणाचा फोन. मग म्हणाले, परत घे. मी परत घेतलं. त्यांनी कान फोनजवळ आणला, इतका की स्क्रीनवर नुसता पांढरा कल्ला दिसत होता.

"मधे सा उतरतो गं तुझा. अगदी बारीक. लाट येतेय तंबोऱ्याबरोबर."

म्हटलं, हो बाबा, उतरतो. लाकूड वाकतं.

"होय का," म्हणाले. "असू दे. परत घे."